एल्व्हा नॉस्की, उत्तेजनार्थ

एल्व्हा नॉस्कीला मी बुडवलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी 'अगं रीटा, तुझा हेतू चांगला होता' असं म्हणायला नको. हेतूला काय चाटायचंय?

मी रीटा हॅनराहान. कार्डवेलचं पोस्ट तेवीस वर्षं चालवलं. गावात माणसं अडीचशे, चर्च तीन, पब एक, आणि रेल्वेच्या रुळांना लागून गव्हाची सात उंच सिमेंटची कोठारं. त्या कोठारांच्या तोंडाशी वजनकाटा. शेतातून गहू भरून आलेला प्रत्येक ट्रक आधी त्या काट्यावर चढायचा आणि काट्याच्या खोलीत खिडकीपाशी एल्व्हा बसलेली असायची. सुगीचे अडीच महिने ती काट्यावर, उरलेलं वर्ष शाळेची झाडलोट. नवरा आर्नो. दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले चार कुत्र्याशी. मूलबाळ नाही.

ही बाई गोष्टी लिहायची. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात, खराब झालेल्या वजनपावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. पावती असते हाताच्या पंजाएवढी. त्यामुळे तिचं वाक्य कधी लांबायचंच नाही. ट्रक आला की वाक्य संपवायचं, ट्रकवाल्याचा गहू हातात घेऊन बघायचा, वजन लिहायचं, ट्रक गेला की पुढचं वाक्य. सुगी संपली की पावत्यांचा गठ्ठा रबरात बांधून ती माझ्याकडे आणायची, कारण गावात धड चालणारा टाइपरायटर पोस्टातच होता. मी टाइप करायची, ती समोर बसून गरम स्कोन, म्हणजे लोणी लावलेले गोडसर पाव, खायची. स्कोन तीच आणायची आणि तीच खायची.

"अगं, मला एक तरी ठेव."

"तू टाइप कर. तुझी बोटं लोण्याने बरबटली की कागद खराब होतो."

असली ती.

आणि दर वर्षी जूनमध्ये ती गोष्ट ॲडलेडला जायची, लिडियार्ड कथा-पुरस्काराला. देशातल्या नव्या, न छापलेल्या गोष्टींसाठी हा पुरस्कार. पहिली येणारी गोष्ट आणि तिच्यामागच्या नऊ अशा दहा गोष्टींचं दर वर्षी पुस्तक निघायचं, कापडी बांधणीचं. त्या दहांत जी बसत नाही पण अगदीच टाकवत नाही, तिला 'उत्तेजनार्थ'. म्हणजे एक जाड कागद, त्यावर सोनेरी शिक्का, आणि पुस्तकात काही नाही. एल्व्हाला अकरा वेळा उत्तेजनार्थ मिळालं. अकरा! एखाद्याला वाटेल की परीक्षकांनी तिच्या नावाचा शिक्काच करून ठेवला होता. पण नाव त्यांना कळत नसे, गोष्टीवर नाव घालायची बंदी होती.

ट्रकवाल्यांना हे माहीत होतं. गावात काय लपतं? काट्यावर ट्रक चढवला की खिडकीतून ओरडायचे, "काय गं उत्तेजनार्थ, माझा गहू कितवा आला?"

"कितवा कसला? परत पाठवलाय. निम्मा कचरा आहे."

"अगं, जरा मोठ्या मनाने बघ!"

"मन मोठं आहे रे, चाळणी बारीक आहे."

हसायची सगळी. चांगले दिवस होते, आता म्हणायला हरकत नाही. तिच्या गोष्टीही तशाच असायच्या, चांगल्या, निरुपद्रवी. दुष्काळातली मेंढरं, वेडगळ काका, हरवलेलं कुत्रं. टाइप करताना मला कधी रडू आलं नाही की कधी बोट अडखळलं नाही.

मग शहाऐंशी साल उजाडलं. राज्याला दीडशे वर्षं झाली, आमच्या गावाला पंचाहत्तर. राज्यभर जो तो आपापल्या गावाचा इतिहास छापत सुटला, मग आमचं गाव मागे कसं राहील? समिती झाली. अध्यक्ष कीथ बॅस्कोम. याची गव्हाची शेती सगळ्यांत मोठी, म्हणून अक्कलही सगळ्यांत मोठी. ईस्टरला पुस्तक निघालं. मागे यादी होती, पहिल्यांदा जमीन घेऊन झाडझाडोरा तोडणाऱ्या माणसांची. तुकडा नंबर, नाव, साल. एकोणचाळीस तुकडे. बावीस नंबरपुढे नुसती रेघ.

बावीस नंबर एल्व्हाच्या वडिलांचा. ऑगस्ट झ्वार.

ते जर्मन बोलायचे. आजा जर्मनीतून आलेला. हे इथंच जन्मले, इथंच वाढले, पण ल्यूथरन चर्चची नोंदवही जर्मनमध्ये लिहायचे. चाळीस साली लढाई पेटलेली. एका शेजाऱ्याने पोलिसांत जाऊन लिहून दिलं की झ्वार रात्री कंदिलाने शत्रूला खुणा करतो. खाली सही केली. कोणाला खुणा? समुद्र आमच्यापासून दीडशे मैलांवर! मेंढ्या व्यायच्या दिवसांत होत्या म्हणून माणूस कंदील घेऊन गोठ्यात जात होता. पण कागदावर सही होती ना. नेलं त्यांना. दोन वर्षं काटेरी तारेच्या आत. परत आले ते बोलेनासेच झाले, जर्मनही नाही आणि इंग्रजीही नाही, आणि चार वर्षांत गेले. सही करणारा शेजारी होता कीथ बॅस्कोमचा बाप.

मी कीथला पोस्टात विचारलं, तोंडावर विचारलं. "बावीसपुढे रेघ का रे?"

"नोंदी सापडल्या नाहीत."

"सापडल्या नाहीत? त्यांची मुलगी दर सुगीत तुझा गहू मोजते, तिला विचारायचं होतं."

"रीटा, आनंदाच्या वर्षात जुनी मढी कशाला उकरायची? तिकिटं दे दहा."

दिली तिकिटं. काय करणार, सरकारी नोकरी.

पंधरा दिवसांनी सुगी नाही, काही नाही आणि एल्व्हा पावत्यांचा गठ्ठा घेऊन दारात हजर. त्या वेळी स्कोन नव्हते. मी टाइप करायला बसले. पहिलंच वाक्य असं की तिच्या आईने चुलीत जर्मन भजनांचं पुस्तक घातलं आणि ते पेटेना. माझं बोट अडखळलं. तिसऱ्यांदा अडखळलं तेव्हा मी हात मांडीवर ठेवले.

"हे खरं आहे?" मी विचारलं.

"गोष्ट आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "वडिलांचं नाव एकदा चांगल्या जागी छापलेलं बघायचंय मला. कापडी बांधणीत. बस. पहिलं बक्षीस नको, दहावी आले तरी चालेल."

एवढंच तिला हवं होतं. आयुष्यात तिने दुसरं काही मागितलेलं मला माहीत नाही.

गोष्ट पाच पानांची झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः पाकिटावर शिक्का मारला, जरा जास्तच जोरात.

आता माझं कर्तृत्व ऐका.

आमची एक गावपत्रिका होती, 'कार्डवेल वार्ता'. दर महिन्याला सायक्लोस्टाइल केलेले चार कागद, पासष्ट प्रती. कोणाकडे पिल्लं द्यायची आहेत, हॉलमध्ये चहापान केव्हा, फुटबॉलमध्ये आपण कोणाकडून मार खाल्ला. संपादक, टंकलेखक, शाई लावणारी, वाटणारी, सगळं मीच. जुलैच्या अंकात कीथने आपल्या इतिहासाच्या पुस्तकाचं कौतुक स्वतःच लिहून पाठवलं. वर लिहिलं होतं, 'गावातल्या एकाही माणसाला न विसरता'. ते वाचलं आणि माझं टाळकं सटकलं. माझा स्वभाव हा असा, दूध उतू जाईपर्यंत बघत बसायचं आणि मग पातेल्यालाच लाथ. मी त्याचं कौतुक छापलं, आणि एल्व्हाच्या गोष्टीची पहिली दोन पानं अशी छापली की दुसरं पान त्याच्या कौतुकाच्या पाठीला आलं. दोन पानंच मावली. खाली नाव घातलं नाही. लिहिलं, 'आपल्याच एका गावकऱ्याकडून'. एल्व्हाला विचारलं नाही. वाटलं, वाचू देत मेल्यांना. वाटलं, तिला बरं वाटेल.

कशाचं बरं वाटतंय! आईने पुस्तक जाळलं, गाडी आली, दोन पोलीस उतरले आणि फाटकाशी शेजारी उभा होता, डोक्यावरची हॅट न काढता. एवढं दोन पानांत होतं, आणि बाप कोणाचा, शेजारी कोण हे ओळखायला गावाला तेवढं पुरेसं होतं. कोणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने ऐकल्या असत्या. पण नाही. पोस्टात लोक माझ्याशी हवापाण्याचं बोलायचे, आणि एल्व्हा आत आली की तेही थांबायचं. हॉलच्या चहापानाला ती तिचा केक घेऊन गेली, वर लोणी-साखरेचा चुरा घातलेला, जर्मन केक. गावात त्याच्यावर उड्या पडायच्या. त्या दिवशी तो जसा नेला तसा परत आला.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी मान खाली घालून तिकिटं मोजत होते.

"रीटा, पुढच्या वेळी विचारत जा," एवढंच बोलली. आणि मग, "केक खातेस का? बराच उरलाय."

आम्ही दोघींनी खाल्ला. मला वाटलं, चला, मिटलं.

ऑक्टोबरमध्ये ॲडलेडहून पाकीट आलं. मला त्यांची पाकिटं चांगली ठाऊक. काही मिळालं नाही की पातळ. उत्तेजनार्थ असलं की मोठं आणि आत पुठ्ठा. हे दोन्हींतलं नव्हतं. लांब, जाडसर, आणि नाव शाईने लिहिलेलं. मी पोस्टाला कुलूप घातलं, दारावर पाटी अडकवली आणि थेट काट्यावर गेले. सुगी तोंडावर आलेली, एल्व्हा काट्याची फरशी पाण्याने धूत होती. हात पुसले, पाकीट फोडलं, वाचलं, आणि मटकन त्या ओल्या फरशीवर बसली.

"काय गं? काय झालं?"

"पहिली," ती म्हणाली.

मी किंचाळले. खरंच किंचाळले, कोठारावरची कबुतरं उडाली. मी तिला उठवलं, मिठी मारली, आम्ही दोघी म्हाताऱ्या चिंब भिजलो. पत्रात लिहिलं होतं की परीक्षकांचं एकमत आहे, पुस्तकात ही गोष्ट सर्वांत आधी छापली जाईल, आणि सोबतच्या कागदावर सही करून पाठवा. तो कागद एल्व्हा मोठ्याने वाचायला लागली. आनंदात होती म्हणून मोठ्याने वाचत होती. "मी याद्वारे जाहीर करते की सदर कथा, संपूर्ण किंवा अंशतः, कोणत्याही स्वरूपात, निकालापूर्वी अन्यत्र छापून..."

तिथं थांबली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो कागदच बघत राहिली.

पुरस्काराचा सात नंबरचा नियम, गोष्ट आधी कुठंही छापलेली नसावी. दर वर्षी तिच्या अर्जावर मीच तो टाइप केला होता. निदान बारा वेळा.

"सही कर," मी म्हणाले.

"रीटा..."

"सही कर म्हणते ना! पासष्ट कागद, एल्व्हा. सायक्लोस्टाइल. निम्म्यांत लोकांनी मटणाचे तुकडे गुंडाळले असतील. खाली तुझं नावही नाही. ॲडलेडात कोणाच्या बापाला कळणार आहे?"

"ज्या गावात कीथ आहे तिथून ॲडलेडला टपाल जातं," ती म्हणाली.

"टपाल माझ्या हातातून जातं! मी बघते ना कसं जातं ते!"

हे मी बोलले. सरकारी शिक्का हातात असलेली पोस्टवाली. एल्व्हाने माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी कानशिलं तापतात.

"माझ्या वडिलांचं काय झालं ते तू टाइप केलंस," ती शांतपणे म्हणाली. "एका माणसाने खोट्या कागदावर सही केली. आणि आता त्यांचं नाव छापायला मी खोट्या कागदावर सही करू?"

"ते वेगळं, हे वेगळं!"

"सही सहीच असते गं."

मी रडले. तिने बादली उचलली आणि उरलेली फरशी धुतली.

तिने पत्र लिहिलं, जसं घडलं तसं. माझं नाव घातलं नाही, 'माझ्या अनवधानाने' असं लिहिलं. मी ते पाकीट हातात धरून उभी राहिले होते. फाडावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मीही ॲडलेडला पत्र टाकलं, चार पानी, की चूक माझी, शिक्षा मला करा, हवं तर माझी नोकरी घ्या. तिच्या पत्राला तीन आठवड्यांनी उत्तर आलं. फार सभ्य. समितीला अत्यंत खेद होत आहे, नियमाला अपवाद करता येत नाही, पुन्हा अवश्य लिहा. माझ्या पत्राला उत्तरच आलं नाही. पहिलं बक्षीस सिडनीच्या कोणाला तरी गेलं. पुस्तक निघालं, मी मागवून घेतलं. पहिली गोष्ट वाचून पाहिली. चांगली होती, आणि त्याचाच जास्त संताप आला.

त्या सुगीत ट्रकवाले गप्प असायचे. काट्यावर चढायचे, वजन घ्यायचे, उतरायचे. कोणी 'उत्तेजनार्थ' म्हणून हाक मारली नाही. एक दिवस मी डबा घेऊन गेले, मटण भरून भाजलेली पेस्ट्री होती. एल्व्हा खिडकीत बसलेली. समोर पावत्यांचा गठ्ठा, मागची बाजू कोरी.

"लिहीत नाहीस?"

"काय लिहू? कुत्रं हरवलं?"

"अगं, तीच गोष्ट दुसरीकडे पाठवू. पुढच्या वर्षी. मेलबर्नला आहे एक स्पर्धा, ब्रिस्बेनला आहे."

"सगळीकडे तीच ओळ असते, रीटा." मग म्हणाली, "तुझ्याकडे कार्बनची प्रत आहे ना? ती दे मला."

ॲडलेडला गेलेली प्रत परत येत नसे, नियमाप्रमाणे ते नष्ट करत. पावत्या तिने टाइप झाल्यावर टाकून दिल्या होत्या, नेहमीसारख्याच. राहिली होती ती माझ्या कपाटातली कार्बन प्रत. मला वाटलं, हिचा विचार बदलला. बाई पाठवतेय कुठंतरी. मी आनंदाने नेऊन दिली. काट्याच्या मागे एक लोखंडी पिंप होतं, भुसा-कचरा जाळायचं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "जाळली."

"जाळली? वेडी आहेस का? का?"

"आईने जाळलं ते पेटत नव्हतं," ती म्हणाली. "हे लगेच पेटलं."

मी भांडले. तोंडाला येईल ते बोलले तिला. तूच स्वतःच्या बापाला दुसऱ्यांदा मारलंस, असंही बोलले. माझी जीभ! ट्रक आला तशी ती उठून गेली. त्यानंतर आम्ही बोलत होतो, स्कोनही खात होतो, पण त्या विषयावर पुन्हा कधी नाही. ती लिहायची थांबली. टाइपरायटरवर मी फक्त 'वार्ता' बडवायची. कोणाकडे पिल्लं द्यायची आहेत, हॉलमध्ये चहापान केव्हा.

एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये एल्व्हा गेली. काट्यावर नाही, शाळेच्या वर्गात, फळा पुसताना. हृदय. पासष्ट वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्नो पोस्टात आला. अंगात कोट, हातात हॅट. त्याला पोस्टात मी त्याआधी दोनदाच पाहिलं असेल.

"पाद्री विचारतायत, अंत्यविधीत तिचं काही वाचायचं का," तो म्हणाला. "तिने बापावर एक लिहिलं होतं. ते बरं होतं म्हणतात. मी वाचलेलं नाही. तिने दाखवलं नाही, मीही मागितलं नाही." एवढं एकदम बोललेलं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "तुझ्याकडे असेल ना?"

मी आत गेले. 'वार्ता'चे जुने अंक खोक्यात होते. शहाऐंशी जुलै. शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होतं. मी ती दोन पानं त्याच्यापुढे गल्ल्यावर ठेवली. त्याने चष्मा काढला, घातला, आणि सावकाश वाचलं. ओळीखाली बोट धरून. मागून दोन गिऱ्हाइकं आली, मी त्यांना हाताने थांबवलं. दुसऱ्या पानाच्या शेवटी पोहोचला तेव्हा गोष्टीतल्या गाडीचं दार लागलं होतं आणि शेजारी फाटक लावत होता. आर्नोने कागद उलटून पाहिला. मागे कीथचं कौतुक होतं.

"यात त्यांचं नाव कुठाय?" त्याने विचारलं.

"पुढे आहे," मी म्हणाले. "तिसऱ्या पानावर. छावणीच्या दाराशी पहारेकरी विचारतो, तुझं नाव काय. मग ते सांगतात."

"काय सांगतात? कसं?"

मी तोंड उघडलं. टाइप मीच केलं होतं, या बोटांनी. एका अख्ख्या परिच्छेदात ते नाव सांगत होते, आपलं, आपल्या बापाचं, बावीस नंबरच्या तुकड्याचं, एवढं आठवत होतं. एकही वाक्य आठवेना. टाइप करणाऱ्याच्या बोटांतून शब्द जातात, डोक्यात राहत नाहीत. मी आठवून बघितलं, आर्नो उभा, गिऱ्हाइकं उभी. काही नाही.

"आठवत नाही," मी म्हणाले.

आर्नोने ती दोन पानं नीट जुळवली आणि माझ्याकडे सरकवली.

"मग नको," तो म्हणाला. "नुसतं त्यांना पकडून नेतात तेवढंच कशाला वाचायचं." आणि हॅट घालून निघून गेला.